नर की मादी?

वैशाखात वऱ्हाडच्या उन्हाला धरबंद नसतो. अकोला आणि अमरावती येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नदीनाले आटून डोहांपुरते उरतात, आणि गावतळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात भर दुपारी हात घातला तर ते चांगलेच कोमट लागते. मोर्शीजवळचे ऊर्ध्व वर्धा धरण किंवा महानचे काटेपूर्णा धरण यांच्या खोल पाण्यात मात्र वरचा थर तापला तरी तळाशी थंडावा टिकून राहतो. मोठा मासा उन्हाच्या वेळी त्या थंडाव्याला जातो. परंतु पुष्कळ जातींची नुकती अंड्यातून बाहेर पडलेली पिले काठच्या उथळ पाण्यातच वावरतात. त्यांना त्या उबेचा केवळ त्रासच होतो असे नाही. माशांच्या काही जातींत पिलू पुढे नर होणार की मादी, हेदेखील पाण्याच्या उबेवर अवलंबून असते!

गाईला कालवड होणार की गोऱ्हा, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरून जाते. पुढे गोठा उबदार असो वा गार, कालवडीचा गोऱ्हा होत नाही. माशांचा कारभार इतका पक्का नाही. पुष्कळ माशांत आईबापांकडून आलेली गुणसूत्रे एक दिशा दाखवितात हे खरे. पण पिलाच्या पोटातील जननग्रंथी पहिले काही दिवस नराचीही नसते आणि मादीचीही नसते. मळ्यात ओलीत करताना दोन दंड जेथे फुटतात, तेथे गडी फावडे घेऊन उभा असतो. मातीचा एक बांध त्याने इकडचा काढून तिकडे घातला की सारे पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळते. पिलाच्या शरीरात हे काम संप्रेरके, म्हणजे हार्मोन, करतात. ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात रक्तात मिसळतात. पण त्यांचा परिणाम मोठा असतो. माशाच्या शरीरात एक विकर असते. ते नर-संप्रेरकाचे रूपांतर मादी-संप्रेरकात करते. मादी-संप्रेरक पुरेसे तयार झाले तर त्या ग्रंथीचे अंडाशय होते. पाणी फार तापले की काही जातींत हे विकर कमी पडते. मग रूपांतर अडते आणि ग्रंथी नराच्या वाटेला लागते.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. जपानात भाताच्या खाचरांत मेदाका नावाचा एक इवलासा मासा असतो. तोकिओ यामामोतो या शास्त्रज्ञाने त्याच्या पिलांना मादी-संप्रेरक मिसळलेले अन्न खाऊ घातले, आणि गुणसूत्रांनी नर ठरलेल्या पिलांच्या माद्या झाल्या. त्या माद्यांनी अंडीही घातली! हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. पाण्याच्या उबेचा पुरावा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हाती आला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चंदेरी रंगाचा एक लहान मासा सापडतो. कॉनओव्हर आणि किनार्ड या दोघा अभ्यासकांनी १९८१ साली दाखवून दिले, की हंगामाच्या आरंभी थंड पाण्यात वाढलेल्या त्याच्या पिलांत माद्या अधिक निघतात आणि उशिरा, उबदार पाण्यात वाढलेल्यांत नर अधिक. यात निसर्गाचा हिशेबही दिसतो. आधी जन्मलेल्याला वाढायला जास्त दिवस मिळतात. आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त.

आता आपल्याकडचे पाहू. रोहू आणि कटला हे मासे वऱ्हाडातील भोई मंडळींच्या नित्य परिचयाचे. हे मासे साचलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचा पूर लागतो. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली. संप्रेरकांचा उपयोग असा मत्स्यपालकांच्या कामी आला, आणि त्याच वाटेने आज तळ्यांत सोडावयाचे मत्स्यबीज तयार होते.

चिलापीचे दुखणे याच्या अगदी उलट आहे. तिलापिया जातीचा हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. भीमेवरील उजनीच्या जलाशयात तो अमाप वाढला आहे. याची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ काही खात नाही, म्हणून तिची वाढ खुंटते. शिवाय दोन-तीन महिन्यांतच ती वयात येते आणि पुन्हा पुन्हा पिले देते. तळ्यात मासे मावेनासे होतात, खाद्य पुरत नाही, आणि ज्याने शेततळ्यावर पैसा घातला त्याच्या जाळ्यात बोटभर लांबीचे मासे येतात. त्यांना बाजारात कोण विचारणार?

म्हणून पालकाला केवळ नर हवे असतात. त्यासाठी पिलांना पहिले तीन ते चार आठवडे नर-संप्रेरक मिसळलेले खाद्य देतात; मग शंभरांत पंच्याण्णवांहून अधिक नर निघू शकतात. मात्र हे द्रव्य पाण्यात झिरपले तर इतर जलचरांनाही बाधते, म्हणून ते जपून वापरावे लागते. नाईल नदीतील तिलापियाच्या पिलांना सुमारे ३६ अंशांच्या पाण्यात काही दिवस ठेवले तरी नरांची संख्या वाढते; परंतु एका आईच्या पिलांवर हा परिणाम ठळक दिसतो आणि दुसरीच्या पिलांवर जेमतेम. तळ्याच्या मालकाला असा बेभरवशाचा उपाय परवडत नाही. नदीतल्या माशांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या पाण्याचे तापमान कोणी राखीत नाही. उबेला वश होणाऱ्या जातींचे पाणी वर्षानुवर्षे तापत गेले, तर नर वाढतील, माद्या घटतील, आणि अंडी घालणार कोण, हा प्रश्न उरेल.

संप्रेरक नको असेल त्याला जुना उपाय आहे; त्याला फक्त नजर लागते. जरा मोठा झालेला मासा ओल्या हातात उताणा धरून त्याच्या पोटाखाली पाहावयाचे. नराला दोन छिद्रे असतात, मादीला तीन. शेकडो मासे असे एकेक करून निवडताना पाठ मोडून येते आणि उजेड कमी झाला की चूक होते. चुकून चार-दोन माद्या तळ्यात गेल्या, तर काही महिन्यांनी जाळे ओढणाऱ्याला ते कळते. जाळ्याच्या आसांतून बारीक पिले निसटून पुन्हा पाण्यात पडत असतात.