वाद्यपथकातील ट्रंपेटचा सराव : वेळ थोडा, लक्ष पुरते

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या अनेक शाळांतून वाद्यपथकाचा सराव जोराने सुरू होतो. वर्षाचे उरलेले दिवस बिगुल व ट्रंपेट कपाटात बंद असतात. मग आठ-दहा दिवस रोज तास-दीड तास मुले फुंकीत राहतात. ओठ सुजतात, सूर फाटतो आणि पहिल्या दिवशी हौसेने पुढे आलेला विद्यार्थी अखेरीस “मला हे जमत नाही” असे म्हणून वाद्य खाली ठेवतो. वास्तविक त्यास न जमण्यासारखे काही नसते. सराव कसा करावा हे त्यास कोणी सांगितलेले नसते, एवढेच. परंतु “मला जमत नाही” ही समजूत एकदा मनात बसली म्हणजे ती केवळ वाद्यापुरती राहत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

प्रस्तुत लेखात ट्रंपेटच्या सरावाची पद्धती सांगितली आहे. शाळेत ट्रंपेट एकच आहे, शिकणारी मुले चार आहेत आणि शिक्षकांना स्वतःला ते वाजविता येत नाही, अशी शाळा डोळ्यांपुढे ठेवून हे विवेचन केले आहे.

१. वाद्याची ओळख

ट्रंपेटमध्ये फुंकर घातल्याने नाद निघत नाही. नाद निघतो तो ओठांच्या कंपनाने. मिटलेल्या ओठांतून हवा जाऊ लागली की ओठ थरथरतात आणि सुमारे दीड मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतील हवा त्या कंपनास साथ देते. आपली तुतारी व शिंग हीही याच तत्त्वावर वाजतात. बिगुलास झडपा नसतात. त्यामुळे त्याच्या इशाऱ्यांत मुख्यतः पाचच स्वर वापरले जातात : षड्ज, पंचम, तार षड्ज, तार गंधार व तार पंचम. हे पाचही स्वर केवळ ओठांचा ताण व हवेचा वेग बदलून काढावयाचे असतात.

ट्रंपेटला तीन झडपा असतात. झडप दाबली की नळीची लांबी वाढते व सूर उतरतो. दुसऱ्या झडपेने तो अर्ध्या स्वराने, पहिलीने एका स्वराने आणि तिसरीने दीड स्वराने उतरतो. एवढे ध्यानात आले की बोटांची योजना पाठ करण्याची गरज उरत नाही, ती समजते. नेहमीच्या ट्रंपेटवर एकही झडप न दाबता मिळणारा षड्ज पेटीवरील काळी पाच या पट्टीशी जुळतो. पंचम व तार षड्ज हेही मोकळेच वाजतात. पंचमापासून एक स्वर उतरले की मध्यम, म्हणून पहिली झडप. दीड स्वर उतरले की गंधार, म्हणून पहिली व दुसरी. अडीच स्वर उतरले की रिषभ, म्हणून पहिली व तिसरी. तार षड्जापासून अर्धा स्वर खाली निषाद, म्हणून दुसरी. दीड स्वर खाली धैवत, म्हणून पुन्हा पहिली व दुसरी. हा हिशेब पाचवीचा विद्यार्थी फळ्यावर स्वतः मांडू शकतो आणि तो त्यानेच मांडावा.

मात्र झडपेने सूर आपोआप लागत नाही. मोकळ्या नळीतून षड्जही निघतो आणि पंचमही निघतो. कोणता निघेल हे ओठ ठरवितात, आणि ओठांना कोणता सूर हवा हे मनाने अगोदर ठरविलेले असावे लागते. षड्जासाठी ओठ सेकंदास सुमारे २३३ वेळा कंप पावतात, पंचमासाठी सुमारे ३४९ वेळा. ही संख्या कोणी मोजून साधत नाही. ती कानाने साधते. म्हणून जो स्वर मुलास गळ्याने म्हणता येतो, तोच त्यास ट्रंपेटवर लवकर सापडतो. सरावाचा पहिला नियम यातूनच निघतो : आधी गावे, मग वाजवावे.

२. ओठांची मर्यादा

हातपायांच्या व्यायामात थकवा आल्यावरही थोडे रेटून नेता येते. ओठांच्या बाबतीत तसे करू नये. ओठ थकले की कंपन क्षीण होते. मग मूल नकळत वाद्य ओठांवर दाबू लागते. या दाबाने ओठांतील रक्ताभिसरण अडते व ओठ अधिकच थकतात. सूर तात्पुरता निघतो, परंतु जडलेली सवय चुकीची असते. अशा अवस्थेतील अर्ध्या तासाचा सराव हा पुढे महिनाभर निस्तरावा लागणारा सराव होय.

अमेरिकेतील ल्यूइस आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांचे उदाहरण येथे दोन्ही अंगांनी बोधप्रद आहे. १९१३ साली न्यू ऑर्लिन्स येथे त्यांना मुलांच्या एका सुधारगृहात पाठविण्यात आले. तेथील वाद्यपथकाचे शिक्षक पीटर डेव्हिस यांनी त्यांच्या हाती तालवाद्य, बिगुल व पुढे ट्रंपेटचे भावंड असलेले कॉर्नेट दिले. त्या साध्या पथकातून निघालेला हा मुलगा पुढे जगद्विख्यात ट्रंपेटवादक झाला. परंतु उंच सुरांचे दीर्घ व जोरकस वादन त्यांच्या ओठांस फार महाग पडले. १९३०च्या दशकात ओठांच्या दुखापतीमुळे त्यांना काही काळ वादन थांबवावे लागले. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या इजेस वैद्यकीय लेखनात त्यांच्याच टोपणनावावरून नाव दिलेले आहे. एवढ्या समर्थ वादकाच्या ओठांना जी मर्यादा होती, ती दहा वर्षांच्या मुलाच्या ओठांना किती अधिक असेल, याचा विचार करावा.

जितके वाजवावे तितके थांबावे, हा ट्रंपेटच्या जाणत्या शिक्षकांचा जुना दंडक आहे. नवशिक्याने तर वाजविण्याहून अधिक थांबावे. कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क यांनी १९१२च्या आपल्या अभ्यासपुस्तकातील पाठ अत्यंत मंद आवाजात वाजविण्यास सांगितले आहे. मंद आवाजात ओठांवर ताण कमी पडतो आणि सुराचा दोष लपत नाही. आपल्या पथकांत “जोरात वाजव” ही आज्ञा वारंवार ऐकू येते. सरावात तिच्या जागी “हळू व स्वच्छ वाजव” ही आज्ञा यावयास हवी.

३. एक वाद्य, चार मुले

वाद्य एकच आहे ही आपली अडचण. पण विश्रांतीची वरील गरज पाहिली असता तीच सोय ठरते. चार मुलांचा गट करावा व प्रत्येकास एक काम द्यावे.

पहिला वाजवील. दुसरा पेटीच्या आधाराने तीच ओळ सरगममध्ये गाईल. तिसरा उजव्या हाताची तीन बोटे मांडीवर ठेवून झडपांच्या हालचाली करील. चौथा केवळ ऐकेल आणि वाजवून झाल्यावर दोन गोष्टी सांगेल : कोणता स्वर चांगला लागला व कोठे अडखळले. सुमारे एक मिनिटाने कामे बदलावीत. याप्रमाणे वीस मिनिटांत प्रत्येकास पाच मिनिटे वादन मिळते आणि उरलेली पंधरा मिनिटे ओठ विश्रांती घेत असताना कान, गळा व बोटे शिकत राहतात.

यासाठी प्रत्येक मुलाचे माउथपीस स्वतंत्र असणे अवश्य आहे. हा भाग वाद्यापासून सुटा होतो व वाद्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे दुसऱ्या ट्रंपेटची मागणी ठेवण्यापूर्वी तीन जादा माउथपीसची मागणी ठेवावी. तोपर्यंत एकाचे माउथपीस दुसऱ्याच्या तोंडी जसेच्या तसे देऊ नये. प्रत्येकाची पाळी सलग ठेवावी, त्या पाळीतच मधे मधे थांबावे आणि पाळी बदलताना माउथपीस साबण व कोमट पाण्याने धुवावे.

४. चुकीची जागा शोधणे

सरावातील सर्वांत मोठा अपव्यय कोणता असेल, तर तो अडखळताच पुन्हा आरंभापासून सुरू करणे हा होय. एक हिशेब करून पाहू. राष्ट्रगीताची पूर्ण धून वाजविण्यास सुमारे ५२ सेकंद लागतात. ती वीस वेळा वाजविली तर सव्वासतरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ जातो. मुलाची अडचण एकाच जागी, दोन स्वरांच्या सांध्यावर, समजा दोन सेकंदांची आहे. म्हणजे सतरा मिनिटांत त्या सांध्यास मिळाली केवळ ४० सेकंदे! आणि तीही वीस वेळा चुकतच गेली, तर मुलाने वीस वेळा चुकीचाच सराव केला. (राष्ट्रगीताचा सराव वर्गात स्वरांचे तुकडे पाडून करावा, पूर्ण धून मात्र यथोचित मान राखूनच वाजवावी.)

याविषयी टेक्सास विद्यापीठातील एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. १७ पियानोवादक विद्यार्थ्यांना एक लहान, अवघड तुकडा सरावास दिला व दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा घेतली. कोणी किती वेळ सराव केला अथवा किती आवृत्त्या केल्या, यावर दुसऱ्या दिवशीचे यश अवलंबून नव्हते. चुकीच्या आवृत्त्या ज्यांनी कमी केल्या ते पुढे राहिले. उत्तम ठरलेल्यांनी चूक होताच तिची नेमकी जागा शोधली, गती कमी केली आणि ती जागा सुधारल्यावरच ते पुढे गेले. चुका सर्वांच्याच झाल्या होत्या. फरक पडला तो चुकीनंतर काय केले यामुळे.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी हीच रीत पुढील क्रमाने सांगता येईल :

(अ) वाद्य खाली घ्यावे व कोणते दोन स्वर अडले ते मुलानेच सांगावे.
(आ) ते दोन स्वर गावेत.
(इ) न फुंकता बोटे चालवून पाहावीत.
(ई) चूक होणारच नाही इतक्या संथ गतीने ते दोनच स्वर वाजवावेत.
(उ) लागोपाठ तीन वेळा बरोबर आले की मागचा एक व पुढचा एक स्वर जोडावा.
(ऊ) मग ती जागा सोडून दुसरे काही करावे आणि काही वेळाने पुन्हा तिच्याकडे यावे. मध्यंतरानंतरही ती बरोबर आली, तरच ती आली असे समजावे.

चूक बोटांची आहे, ओठांची आहे की श्वासाची, हेही मुलास विचारावे. झडप उशिरा दाबली, इच्छित स्वराऐवजी शेजारचा लागला, की ओळीच्या शेवटी दम संपला? या तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. “पुन्हा वाजव” हा त्यांपैकी एकाचाही उपाय नव्हे.

५. अर्ध्या तासाची विभागणी

आठवड्यातून पाच दिवस, परिपाठापूर्वी, रोज अर्धा तास पुरेसा आहे. पहिली पाच मिनिटे : खांदे न उचलता खोल श्वास, पेटीबरोबर स्वरगायन आणि पंचमाचा लांब, मंद सूर. पुष्कळ मुलांना आरंभी पंचमच सुलभ लागतो. तेथून खाली षड्जाकडे यावे. पुढील वीस मिनिटे : गटाचे वरील काम, एका दिवशी एक किंवा दोनच जागा घेऊन. अखेरची पाच मिनिटे : एकाने संपूर्ण ओळ वाजवावी, इतरांनी ऐकावी आणि उद्या कोणती जागा घ्यावयाची ते वहीत टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवसाचा सराव त्या टिपणापासून सुरू करावा.

६. वय, दात व पवित्रा

वरचे व खालचे पुढचे कायमचे दात येऊन स्थिर होईपर्यंत ट्रंपेट देऊ नये. साधारणतः नऊ-दहा वर्षे हे वय योग्य होय. दात हलत असल्यास किंवा ओठ फुटला असल्यास त्या दिवशी मुलाने गायक वा श्रोता व्हावे. वाद्याचा भार डाव्या हाताने पेलावा. उजव्या हाताची करंगळी वरच्या कडीत अडकवून वाद्य ओठांवर ओढण्याची खोड पुष्कळांस लागते. ती आरंभीच मोडावी. वादनानंतर ओठांवर माउथपीसची खोल, लाल वर्तुळाकार खूण बराच वेळ राहत असेल, तर दाब जास्त होत आहे असे समजावे.

७. गावातील जाणकार

शिक्षकांना वाद्य येत नसले तरी गावात किंवा शेजारच्या गावात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजविणारा अथवा तुतारीवादक बहुधा असतो. आपल्याच वर्गातील एखाद्या मुलाचे वडील वा काका ते असतील. त्यांस सन्मानाने शाळेत बोलवावे व मुलांपुढे वाजविण्यास सांगावे. ज्या विद्येने घर चालते, त्या विद्येस शाळेत मान मिळाला म्हणजे त्या मुलाची मान ताठ होते, हा लाभ सुरांपेक्षा लहान नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून शिकविलेल्या स्वरलेखनाने वादकांच्या पिढ्या घडल्या. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झालेले गोव्याचे ट्रंपेटवादक मुंबईत आले आणि सी. रामचंद्र यांच्याबरोबर ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांनी काम केले. गावच्या शाळेतील सुरांचे शिक्षण कोठवर पोहोचू शकते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण होय.

८. समारोप

प्रत्येक मूल मोठा वादक व्हावे, हा वाद्यपथकाचा हेतू नव्हे. आपली चूक आपण ऐकणे, तिची जागा शोधणे, तेवढीच दुरुस्त करणे आणि थकण्यापूर्वी थांबणे, ही शिस्त त्यास लागावी हा हेतू आहे. पाढा सातापाशी अडला तर एकापासून पुन्हा म्हणावयास न लावता सहा ते आठ एवढाच तुकडा घ्यावा. शुद्धलेखनात एकच जोडाक्षर चुकत असेल तर सारा परिच्छेद पुन्हा लिहावयास न लावता तेवढेच अक्षर गिरवावे. ट्रंपेटवर ही रीत कानांना ऐकू येते, म्हणून तेथे ती मुलांस लवकर पटते.

तरी पुढील राष्ट्रीय सणाची वाट न पाहता या आठवड्यातच कपाटातील वाद्य बाहेर काढावे, झडपांना तेल द्यावे, माउथपीस धुवावे व चार मुलांचा एक गट करावा. पहिल्या दिवशी एकच सूर घ्यावा, आणि तोही प्रथम गळ्याने.