शोभेचे रिव्हॉल्व्हर



उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी येशूच्या अरण्यातील परीक्षेचे शुभवर्तमान वाचले जाते. आमची परीक्षा एका जुन्या रिव्हॉल्व्हरवर झाली आणि तीत आम्ही नापास झालो.

आपल्या धर्मग्रामातील एका निवृत्त गृहस्थांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. (ही हकिकत प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेली नाही, त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत.) मुंबईत एकाकडे वेब्ली रिव्हॉल्व्हर विकायला असल्याचे त्यांना कळले. "फादर, घ्यायचं नाही. नुसतं पाहून येऊ." आम्ही त्यांच्यासोबत मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडली.

संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात अलिपियस या मित्राविषयी लिहितात. सोबत्यांनी त्याला रोमच्या आखाड्यात ओढून नेले, तेव्हा त्याने डोळे मिटून बसायचे ठरवले. लोकांचा गलका झाला आणि डोळे उघडले. पुढे तोच इतरांना घेऊन जाऊ लागला. सेमिनरीत यावर आम्ही उत्तर लिहिले होते, गुणही बरे मिळाले होते. लाँचवर मात्र काही आठवले नाही.

ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलेल्या जातीचे ते हत्यार. खिटी दाबली की वरून मोडल्यासारखे उघडते, सहा घरांचे चक्र फिरते. हातात किलोभर वजन. "सुंदर आहे हो!" आम्ही बोलून गेलो. गृहस्थांनी तिथेच बयाणा दिला. तो पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या पैशांतून होता, हे नंतर कळले.

पोप संत ग्रेगरी मोहाच्या तीन पायऱ्या सांगतात: सुचणे, आवडणे, होकार देणे. सुचले त्यांना, होकारही त्यांचाच. मधली पायरी आम्ही बांधून दिली. फादरच "सुंदर" म्हणाल्यावर त्यांना अडवणार कोण?

"पुराणवस्तू आहे, परवाना लागत नाही," असे विकणारा म्हणाला होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ पाहिले. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. हे चक्र तर गरगर फिरत होते! त्या रात्री झोप उडाली, पण पोलिसांच्या भीतीने, हेही कबूल करतो.

लाज वाटली ती पुढच्या आठवड्यात, चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापुढे. २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला. चिरनेर आणि आसपासच्या गावांतील आठ जण हुतात्मा झाले. ते रिव्हॉल्व्हर कधी कोणावर रोखले गेले असेल का, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. इतिहासाची आवड म्हणून गेलो आणि मुठीचे लाकूड, पोलादाची झळाळी पाहून आलो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात डोळ्यांच्या वासनेचा उल्लेख आहे. आजवर प्रवचनात तिचा अर्थ आम्ही फार उथळ सांगत होतो.

गृहस्थांच्या घरी जाऊन, त्यांच्या पत्नीसमोर, आमचा वाटा सांगितला. सौदा मोडला; बयाणा परत मिळाला नाही. बाईंनी चहा ठेवला. "फादर, ह्यांचं ठीक आहे. तुम्ही कशाला हातात घेतलंत?"

शस्त्रक्रिया आता पावसाळ्यानंतर आहे.