अडवणारी पुस्तकं जमव

अगं, ऐतिहासिक कादंबरी लिहून ती स्वतःच ई-बुक म्हणून काढायची म्हणतेस, उत्तम. शिवाय जुन्या पुस्तकांचा नाद आहेच. आत्या म्हणून चार गोष्टी सांगते. प्रकाशकाकडे संपादक असतो, मुद्रितशोधक असतो, "हे कुठून आणलंत?" असं विचारणारं कोणीतरी असतं. स्वतः प्रकाशित करणाऱ्याला असं कोणी विचारत नाही. ते काम कपाटातल्या पुस्तकांकडून करून घ्यायचं. तेव्हा शोभेची पुस्तकं जमवू नकोस, तुला अडवतील अशी जमव.

आधी साधनग्रंथ घे, कादंबऱ्या नंतर. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड, सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड, यांतले तुझ्या काळाचे तेवढेच मिळव. अख्खा संच करायच्या मागे लागशील तर लिहायचं राहून जाईल. बखरी जरूर वाच, पण भाषेच्या वळणासाठी. तारखेसाठी त्यांच्यावर विसंबू नकोस.

एक जंत्री हाताशी हवीच. पेशवाईतल्या पत्रांत शुहूर सन असतो आणि तो मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यामुळे इसवी सन काढताना जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची, शुहूर सन ११६१. डोळे मिटून ५९९ मिळवलेस तर १४ जानेवारी १७६१ ची लढाई वर्षभर आधीच होऊन जाईल!

प्रत्येक प्रसंगाला माणूस, जागा आणि साल असे तीन प्रश्न विचार. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले, शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. तेव्हा त्यांना वाड्याच्या दिल्ली दरवाजातून घोड्यावर बाहेर काढायचा मोह आवर, प्रसंग कितीही रंगला असला तरी. संवादांसाठी मोल्सवर्थचा कोश उघडा ठेव. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रणही चालेल. त्यात नसलेला शब्द पेशव्यांच्या तोंडी घालताना दोनदा विचार कर. शिवकाळ असेल तर राज्यव्यवहारकोश बघ. दरबारात रुळलेले फारसी शब्द आणि त्यांना सुचवलेले संस्कृत पर्याय, दोन्ही तिथे मिळतात.

आता खरेदी. विक्रेता "पहिली आवृत्ती" म्हणाला की पैसे काढायच्या आधी शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू पाहा. साल शकात असेल तर ७८ मिळव. शं. ग. दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नोंद आहे. तिच्याशी ताडून बघ. पानं मोज, घडीचा नकाशा आहे का ते पाहा. नुसता मजकूर हवा असेल आणि त्याचं स्कॅन इंटरनेटवर असेल, तर पैसे वाचव. पण नकाशे बरेचदा घडी न उलगडताच स्कॅन केलेले असतात, तिथे मूळ प्रतच लागते. आणि कोणतीही तारीख टिपण्याआधी शेवटचं शुद्धिपत्र वाच. जुने संपादक आपल्या चुका तिथे प्रामाणिकपणे छापत.

हस्तलिखित घेतलंस तर एक लक्षात ठेव: पंचाहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते भेट म्हणूनसुद्धा परदेशी पाठवायचं नाही.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस. तिचा डाग कायमचा राहतो. पातळ कागद आणि गव्हाची खळ पुरे. पावसाळ्यानंतर पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेव, उन्हात नको. कसर लागलेली प्रत आधी वेगळी काढ.

जुन्या पुस्तकातला उतारा घेताना हक्क तपास. लेखकाच्या निधनानंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की साठ वर्षं मोजायची. सरदेसाई १९५९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं त्यांचं लेखन २०२० पासून खुलं आहे. ना. सं. इनामदार २००२ मध्ये गेले, त्यांचं नाही. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा नव्या संपादकाच्या असतात, त्या उचलू नकोस.

ई-बुकची फाईल युनिकोडमध्येच हवी. डीटीपीच्या जुन्या फाँटमधून मजकूर बदलून घेतलास की रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, 'सुऱ्या'चा 'सुर्या' होतो. तेव्हा पुन्हा अक्षर न् अक्षर वाच, आणि तेही फोनवर, कारण वाचक तिथेच वाचणार. प्रकरणांची नावं नुसती ठळक करू नकोस, 'हेडिंग' शैलीत टाक. अनुक्रमणिका त्यातूनच तयार होते. किंडलला आयएसबीएन लागत नाही. इतरत्र हवा असेल तर राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, कोणाला पैसे देऊ नकोस. किंडलच्याच केडीपी सिलेक्ट योजनेत पुस्तक घातलंस तर नव्वद दिवस ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. ती मुदत आपोआप पुढे वाढते, म्हणून तारीख लिहून ठेव.

ऋणनिर्देश आणि साधनांची यादी मागे टाक. फुकट नमुना म्हणून पुस्तकाची सुरुवातच दिसते, तिथे कथाच हवी. शेवटी दोन पानांत कागदपत्रांतलं काय आणि तुझ्या मनातलं काय ते स्पष्ट सांग.

कोणी वाचक चूक दाखवेल. रागवू नकोस, कपाट उघड. तो बरोबर असेल तर त्याच आठवड्यात फाईल दुरुस्त कर आणि मागे शुद्धिपत्रही जोड, कारण आधी विकत घेतलेल्यांच्या प्रतीत सुधारणा आपोआप पोचेलच असं नाही. तू बरोबर असशील तर त्याला ग्रंथाचं नाव, खंड आणि पृष्ठ कळव.