कलप कुठे लावायचा?

आत्या: हे बघ मीनू, माझं पाकीट. ‘काळी मेंदी’. वर हिरवं पान छापलंय, अमोनिया नाही असंही लिहिलंय. आणि तू म्हणतेस हाही कलपच?

मीनल: चष्मा लाव आणि मागची बारीक अक्षरं वाच.

आत्या: मेंदी, आवळा, माका... आणि हे काय, पॅरा-फेनिलीन-डायअमिन?

मीनल: हं, तेच. थोडक्यात पीपीडी. दुकानातल्या बहुतेक काळ्या कलपांत हेच किंवा याचंच भावंड असतं. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसाला धरून बसतं खरं, पण रंग देतं केशरी-तांबूस. अगदी राजस्थानातली, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सोजतची मेंदी आणलीस तरी पांढरा केस तिनं काळा होणार नाही. अर्ध्या तासात डोकं काळंभोर झालं, तर ते काम मेंदीनं केलेलं नाही.

आत्या: आई लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची. चांगली काळपट व्हायची की.

मीनल: लोखंडामुळे गडद व्हायची, पण तपकिरीच्या पुढे नाही. झाडपाल्यानंच काळं करायचं तर आधी मेंदी लावायची, ती धुतली की नीळ लावायची.

आत्या: कपड्यांची नीळ?

मीनल: अगं नाही! ती डोक्याला लावू नकोस. नीळ नावाचं झुडूप असतं, त्याच्या पानांची पूड. दिवस मोडतो त्यात, आणि छटा दर वेळी सारखी येईलच असं नाही. म्हणून तर लोक पाकिटाकडे वळतात.

आत्या: मग पीपीडी वाईट का?

मीनल: वाईट नाही, पण ते आहे हे ठाऊक हवं. १९०७ मध्ये यूजेन श्यूलर नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं कृत्रिम कलप बाजारात आणले. लॉरेआल कंपनी त्याचीच. पक्क्या कलपाची मूळ युक्ती आजही तीच आहे. केसाच्या बाहेरच्या थरावर खवले असतात. अमोनियानं केस फुगतो, खवले उचलले जातात. रंगाचे बारीक, बिनरंगी कण आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा स्वतःचा रंग थोडा उडवतं आणि आत शिरलेल्या कणांना एकमेकांशी जोडतं. जोडले की ते मोठे आणि रंगीत होतात, आल्या वाटेनं परत बाहेर पडू शकत नाहीत.

आत्या: म्हणजे अमोनियाच नको. बिनअमोनियाचा घेतला की झालं.

मीनल: त्यात बहुतेकदा इथेनॉलअमिन असतं. त्याला तो उग्र वास नसतो, पण खवले तेही उचलतं. शिवाय अमोनिया उडून तरी जातो, हे तसं उडत नाही. नाकाला बरं वाटलं म्हणजे केसालाही बरं, असं नाही.

आत्या: मग केस सांभाळायचे कसे? पार्लरवाली म्हणते, पोषण द्या. दर वेळी नवी बाटली काढते.

मीनल: आत्या, केसाला भूक नसते. जिवंत काय ते मुळाशी, कातडीच्या आत. बाहेर आलेला केस मृत असतो, त्याची झीज भरून येत नाही. कंडिशनर खवले बसवतो, गुंता सोडवतो, चमक आणतो. फाटे फुटलेलं टोक मात्र तो सांधत नाही. ते कापायचंच. म्हणून सगळा शहाणपणा नुकसान कमी होऊ देण्यात आहे. मला सांग, तू कलप कुठे लावतेस?

आत्या: कुठे म्हणजे? डोक्याला. मुळापासून टोकापर्यंत, सगळा.

मीनल: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुझी वेणी पंचेचाळीस सेंटिमीटर तरी असेल. म्हणजे टोकाचा केस जवळजवळ पावणेचार वर्षांचा. दर महिन्याला सगळीकडे लावत असशील, तर त्या टोकानं चाळिसाहून जास्त वेळा कलप सोसलाय.

आत्या: अगं बाई! पैठणीसुद्धा मी इतक्या वेळा पाण्यात घातली नाही.

मीनल: आणि पांढरं दिसतं ते कुठे? भांगाशी, कानशिलाशी, म्हणजे नव्यानं उगवलेल्या एक-दोन सेंटिमीटरवर. तेवढ्यालाच लावायचा. खालच्या केसांवर आधीचा रंग आहेच. बटा वेगळ्या करून ब्रशनं मुळाशी लाव, खालच्या भागाला आधी थोडा कंडिशनर चोपड म्हणजे ओघळ बसणार नाहीत. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त ठेवून रंग जास्त पक्का होत नाही. त्या दिवशी आधी डोकं धुऊ नकोस, टाळूवरचं तेल कातडीला थोडं राखतं. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची, धातूची नको.

आत्या: आणि तेल? का तेही खोटं?

मीनल: खोबरेल खरं. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याआधी खोबरेल लावलं की केसातलं प्रथिन कमी झिजतं, असं दिसलं. बाकी दोघांना ते जमलं नाही. कंपनी खोबरेल विकणारीच, तेव्हा तेवढं मनात ठेवून वाचायचं. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातले लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ, ते केसात शिरतात. न्हायच्या आदल्या रात्री लाव.

आत्या: आमच्या सईला केस निळे करायचेत. तिला काय सांगू?

मीनल: नाही म्हणू नकोस, ऐकणार नाही. पण काळ्या केसावर निळा उमटत नाही; आधी ब्लीचनं काळा काढावा लागतो. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. केसावरचा नैसर्गिक तेलकट थर जातो, केस पाणी शोषून रबरासारखा ताणतो आणि तुटतो. ब्लीचमध्ये मिसळायच्या डेव्हलपरच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड, ‘४० व्हॉल्यूम’ म्हणजे बारा. तिला चाळीस नको. आणि तुझ्या उलट, तिनं टोकांनाच करावं, चार बटा. बिघडलं तर कापून टाकता येतं, आणि टाळूलाही ब्लीच लागत नाही. निळा काही आठवड्यांत फिका होणार, हे आधीच सांग. पूर्वी पाकिटातली मेंदी लावलेली असेल तर आधी एक कापलेली बट ब्लीच करून बघा. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, तुटतात.

आत्या: मला मात्र कधी काही झालं नाही हो या पाकिटानं.

मीनल: तिथेच माणसं फसतात. पीपीडीची ॲलर्जी पहिल्याच वेळी होते असं नाही. वर्षानुवर्षं लावल्यावर एक दिवस टाळू खाजते, पापण्या सुजतात, चेहरा ओळखू येत नाही. आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही, पुढच्या वेळी आणखी जोरात. म्हणून दर वेळी कानामागे थोडा कलप लावून ४८ तास थांबायचं. खाज, लाली, फोड आले तर सगळं टाकून द्यायचं. सूज वाढली किंवा श्वास अडला तर सरळ दवाखाना. भुवयांना आणि पापण्यांना तर लावायचाच नाही.

आत्या: पण आम्हाला लग्नाला जायचंय रविवारी. आज मंगळवार.

मीनल: आज कानामागे लाव. गुरुवारी काही दिसलं नाही तर शुक्रवारी मुळांना.

आत्या: आणि ह्यांची मिशी?

मीनल: त्यांच्याही कानामागे आजच. मिशीला नाक आणि ओठ दोन्ही जवळ, तिथे तर आधी बघायलाच हवं. नाही म्हणाले तर पांढरी राहू दे, फोटोत बरी दिसते.