आकडेवारीचे दृश्यांकन : संशोधकांचे वार्षिक अधिवेशन आणि विकास नियोजन

विकास नियोजनात आकडेवारी गोळा करण्याइतकेच महत्त्व ती समजेल अशा रूपात मांडण्याला आहे. जनगणना, नमुना पाहणी, उपग्रह छायाचित्रे आणि प्रशासकीय नोंदी यांतून माहितीचा प्रचंड साठा तयार होतो. परंतु निर्णय घेणाऱ्याच्या नजरेसमोर बहुधा एखादा आलेख किंवा नकाशाच येतो. हा आलेख सदोष असेल, तर अचूक आकडेवारीवरूनही चुकीचा निर्णय होऊ शकतो. त्यामुळे दृश्यांकन हा आता स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला असून, आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने भरणारे ‘व्हिज’ हे वार्षिक अधिवेशन या संशोधनाचे प्रमुख व्यासपीठ आहे.

पार्श्वभूमी

आलेखांची परंपरा जुनी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख प्रसिद्ध केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांचे बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोग्या रोगांनी झाले, हे आकृतीद्वारे दाखवून दिले. संगणकाच्या आगमनानंतर मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलले. महासंगणक आणि उपग्रह यांच्याकडून येणारी माहिती मानवी आकलनाच्या पलीकडे जात असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानसाठी तयार झालेल्या १९८७ च्या अहवालात नमूद करण्यात आले. त्यानंतर १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पहिले अधिवेशन भरले. १९९५ मध्ये माहिती दृश्यांकन आणि २००६ मध्ये दृश्य विश्लेषण या शाखांच्या सभा त्याला जोडल्या गेल्या. २०२१ पासून हे तिन्ही प्रवाह एकाच अधिवेशनात विलीन झाले आहेत.

२०१३ पर्यंत हे अधिवेशन अमेरिकेतच होत असे. २०१४ मध्ये ते पॅरिसला भरले आणि पुढे बर्लिन, व्हँकुव्हर, मेलबर्न व व्हिएन्ना येथेही झाले. निवडलेले प्रमुख शोधनिबंध तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध होतात. येथील संशोधन प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिलेले नाही. २००० मध्ये मांडलेल्या ‘पोलॅरिस’ या संशोधनातून ‘टॅब्लो’ हे व्यावसायिक सॉफ्टवेअर उभे राहिले, तर २०११ मध्ये सादर झालेली ‘डी-थ्री’ ही मुक्त प्रणाली पुढे वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांपासून शासकीय फलकांपर्यंत वापरली गेली.

डोळ्यांची पारख

दृश्यांकन केवळ शोभेसाठी नसते. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा निरीक्षणांचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी, विचरण आणि सहसंबंध जवळपास सारखेच होते. आलेख काढल्यावर मात्र एक सरळ रेषेभोवतीचा, दुसरा वक्राकार आणि उरलेले दोन एकाच अपवादात्मक बिंदूने विकृत झालेले दिसले. सारांशाच्या आकड्यांनी जे झाकले होते, ते चित्राने उघड केले.

उलटपक्षी, चित्रही फसवू शकते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की समान मापनरेषेवरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो. कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज त्या तुलनेत चुकतो. म्हणूनच खर्चाच्या बाबी वर्तुळाच्या अनेक पाकळ्यांत दाखवण्यापेक्षा साध्या स्तंभांत दाखवल्यास वाचकाला फरक नेमका कळतो.

भारतीय आकडेवारीतून हे अधिक स्पष्ट होईल. देशाचा साक्षरता दर २००१ मध्ये ६४.८ टक्के होता, तो २०११ मध्ये ७३.० टक्के झाला. म्हणजे मूळ दराच्या सुमारे एक-अष्टमांश वाढ झाली. परंतु स्तंभालेखाची उभी मापनरेषा शून्याऐवजी ६० पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या पावणेतीनपट उंच दिसतो. आकडे खरे असूनही प्रगतीचे चित्र अवास्तव होते. शिवाय या एकाच स्तंभात २०११ मधील पुरुषांचा ८०.९ टक्के आणि स्त्रियांचा ६४.६ टक्के दर यांतील दरी मुळीच दिसत नाही. निधी कोठे आणि कोणासाठी हवा, याचे उत्तर मात्र त्या दरीतच आहे.

नकाशाची अडचण आणखी वेगळी आहे. कच्छ जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४५,६७४ चौरस किलोमीटर आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचे अवघे ४४६ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र अनुक्रमे सुमारे २०.९ लाख आणि ९३.६ लाख होती. जिल्हावार रंगवलेल्या नकाशात कच्छचा रंग शंभरपट जागा व्यापतो, तर त्याच्या साडेचारपट माणसे एका ठिपक्यात लपतात. लाभार्थींची संख्या दाखवायची असल्यास लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळे काढणे अधिक योग्य ठरते.

अनिश्चिततेची मांडणी

अंदाजातील अनिश्चितता कशी दाखवावी, हा या संशोधकांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. २०२४ चे अधिवेशन फ्लोरिडात व्हायचे होते; मिल्टन चक्रीवादळामुळे ते पूर्णपणे ऑनलाइन घ्यावे लागले. योगायोग असा, की वादळाच्या संभाव्य मार्गाचा रुंदावत जाणारा शंकू हा याच क्षेत्रातील अभ्यासाचा विषय आहे. शंकू रुंदावतो तो मार्गाची अनिश्चितता वाढते म्हणून. अनेक वाचकांना मात्र वादळच मोठे होत आहे असे वाटते, आणि शंकूबाहेरील माणसे निर्धास्त होतात. भारतीय हवामान विभागही असा शंकू प्रसिद्ध करत असल्याने ओडिशा किंवा आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील रहिवाशांसाठी हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. नमुना पाहणीच्या अंदाजांनाही हेच लागू पडते. दोन राज्यांतील अल्प फरक नमुन्याच्या चुकीच्या मर्यादेत असताना त्यांची क्रमवारी लावणे उचित नाही.

पुढील दिशा

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून ही जनगणना डिजिटल पद्धतीने करण्याचे ठरले आहे. तिची माहिती गावपातळीपर्यंत उपयोगी पडावी, यासाठी काही पथ्ये आवश्यक आहेत. स्तंभालेख शून्यापासून सुरू व्हावा, अंदाजासोबत त्याची मर्यादा द्यावी, लाल-हिरव्या रंगांतील भेद न ओळखणाऱ्यांचा विचार व्हावा आणि शीर्षके स्थानिक भाषेत असावीत. त्याचबरोबर आलेख प्रसिद्ध करण्यापूर्वी तो सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका अशा प्रत्यक्ष वाचकांकडून वाचून घ्यावा. त्यांनी सांगितलेला अर्थ मूळ आकड्यांशी जुळला, तरच दृश्यांकन यशस्वी झाले असे म्हणता येईल. आपल्या गावाची स्थिती नागरिकाला स्वतः वाचता आली, तर ग्रामसभेत त्याबद्दल प्रश्न विचारणेही त्याला शक्य होते.