गच्चीवरची ढाबळ आणि मांजा

प्रश्न : जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या गच्चीवर मुलाने बारा गिरेबाज कबुतरं पाळलीत. संक्रांतीत एकाचा पंख मांज्याने कापला. शेजारी विष्ठेबद्दल कुरकुरतात. काय करावं?

उत्तर : नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. आपल्या जिल्ह्यात, येवल्यात तर विशेष, पतंगांचा जोर भोगीपासून करीपर्यंत तीन दिवस असतो. तेवढे दिवस ढाबळ बंदच ठेवा. मुलगा रुसेल, रुसू दे. पक्षी अडकलाच तर दोरा ओढू नका. कात्रीने दोन्हीकडून कापा, अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि थेट पशुवैद्याकडे न्या. हळद भरत बसू नका.

शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला, तो याच कारणाने. ढाबळ रोज साफ करा, पण कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून खरवडा, तोंडाला मास्क लावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर मात्र छंद आवरा.

संख्याही आवरा. मादी एका वेळी दोन अंडी घालते, अठराएक दिवसांत पिल्लं बाहेर येतात. अंडी घातल्याबरोबर काढून त्याच आकाराची लाकडी ठेवा. जोडी तीच उबवत बसते. आणि एखाद्या कबुतराची मान पिळवटलेली दिसली, तर आजार पसरू नये म्हणून त्याला त्याच दिवशी वेगळं करा.