पिल्लू आजारी पडलं तर? : परिसर अभ्यासाच्या धड्यात राहून जाणारी गोष्ट



पाळीव प्राणी शिकवताना आपण ‘कुत्रा राखण करतो, मांजर उंदीर पकडते’ एवढं सांगून पुढे जातो. मीही तेच करायचे. गेल्या पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातल्या माझ्या वर्गातल्या एका मुलाचं पिल्लू दोन दिवसांत गेलं. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. घरच्यांनी ताक पाजलं, वाट पाहिली. पंधरा दिवसांनी त्याने दुसरं पिल्लू आणून त्याच कोपऱ्यात, त्याच पोत्यावर ठेवलं. तेही गेलं. कुणी म्हणालं, नजर लागली.

लक्षणं सगळी पार्वोची होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी जगाला माहीत झालेला हा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि जमिनीत महिनोन्महिने टिकतो. साबणाने, फिनाईलने तो मरत नाही. फरशी असेल तर आधी धुऊन मग ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकायचं. मातीची जमीन असेल तर नवं पिल्लू तिथे ठेवायचंच नाही. विषाणू मारणारं हुकमी औषध नाही, डॉक्टर सलाईन लावून अंगातलं पाणी टिकवतात. म्हणून पहिल्या उलटीलाच दवाखाना गाठायचा. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आईकडून मिळालेलं संरक्षण सुरुवातीच्या डोसला आडवं येतं, त्यामुळे एका डोसवर भागत नाही.

मांजराच्या बाबतीत वेगळीच चूक होते. अंग गरम लागलं की घरातली पॅरासिटामॉल! मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जातो. गुरांचं गोचिडाचं औषधही मांजराला लावू नका, ते अंग चाटतं. आणि बोका सारखा मातीत बसून कण्हतोय, लघवी होत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजू नका. लघवी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

हे सगळं बोलत असताना मी सहज विचारलं, “कुणाला कुत्र्या-मांजराचा दात किंवा नख लागलंय का?” दोन हात वर आले. एकीला चार दिवसांपूर्वी गल्लीतल्या पिल्लाने चावलं होतं, मार बसेल म्हणून घरी सांगितलंच नव्हतं. मी तिच्या आईला फोन केला, त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात रेबीजची पहिली सुई झाली. खरं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला हवी होती. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे पालकसभेत स्पष्ट सांगा. आणि चावल्याचं सांगणाऱ्या लेकराला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते गप्प बसेल.

तो मुलगा परवा विचारत होता, “बाई, तिसरं कधी आणू?” म्हटलं, “सगळे डोस झालेलं आण. अन् ते पोतं आधी जाळून टाक.”